पडद्यावरचा रंग कुठे बिघडतो?

श्रोतेहो, रंगाविषयी रेडिओवरून बोलायचे म्हणजे अंधारात खुणा करण्यासारखेच आहे. पण आजची गोष्ट ऐकून झाल्यावर घरी किंवा शाळेत ताडून पाहता येईल अशी आहे, म्हणून हे धाडस करतो.

शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी मांडवगण फराटा हे आमचे गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका. ग्रामदैवत वाघेश्वर, शेती उसाची. नोकरीमुळे मी बाहेर असलो तरी आषाढी-कार्तिकीला थोरल्या चुलतभावाकडे, म्हणजे आमच्या दादांकडे, जायचा माझा नेम आहे. गेल्या आषाढीला गेलो तर पुतण्याने घरात प्रोजेक्टर आणून ठेवलेला. एकादशीचा दिवस, फराळ आटोपलेला. तेव्हा प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहावा असे ठरले. ओसरीच्या भिंतीवर चित्र पडले आणि सगळे गप्पच झाले. तुकोबा हिरवे! जिजाई हिरवी, म्हैस हिरवी, आभाळही हिरवे.

पुतण्या म्हणाला, “काका, दुकानदारानं मशीन खराब गळ्यात मारलं.” दादा म्हणाले, “मशीनला काय झालंय? वायर बदलून बघ.” थोरल्या काकी मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, जुना सिनेमा हाय तो. जुने सिनेमे असेच. जत्रंतल्या तंबूत बघितलेत की आम्ही, समदे तांबडे दिसायचे. ह्यो हिरवा, एवढंच.”

आता पाहा, तिघांनी दोषाची तीन ठिकाणे दाखवली. एकाने यंत्र म्हटले, दुसऱ्याने तार, तिसरीने मूळ चित्र. मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला काकींचे म्हणणे सर्वांत महत्त्वाचे वाटले. वास्तविक ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा कृष्णधवल चित्रपट. ज्याच्यात रंगच नाही त्याचा रंग उडणार तरी कसा? म्हणजे हे हिरवेपण बाहेरून आलेले होते. पण जुने चित्रपट तांबडे दिसत हे काकींचे बोलणे अगदी खरे होते, कारण मीही ते पाहिले आहेत. तेव्हा म्हटले, भिंतीचे कोडे जरा वेळ बाजूला ठेवू आणि पडद्यावर रंग आला कसा, हे आधी पाहू. तुम्हीही थोडा धीर धरा.

आपल्याकडे चित्रपट येण्यापूर्वीच पडद्यावर रंग आलेला होता. लुमिए बंधूंची हलती चित्रे मुंबईला वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी. त्याच्या आधीपासून कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे चिरंजीव काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या झोतात पडद्यावर दाखवीत होते. एकामागून एक काचा सरकवून चित्र हलल्याचा भास निर्माण करीत. या खेळाला नाव होते ‘शांबरिक खरोलिका’. शांबरी विद्या म्हणजे जादू. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण खेळ पाहणाऱ्याचा श्वास अडखळत असणार.

त्या काळच्या जादूच्या कंदिलांत बहुधा रॉकेलचा दिवा असे. रॉकेलचा उजेड पिवळा. पिवळ्या उजेडात निळा रंग मळकट दिसतो आणि तांबडा खुलतो, हे रात्री दिव्याखाली लुगडे निवडणाऱ्या बाईला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणजे काच रंगवणाऱ्याला दिवसा उजेडी चित्र चांगले दिसून भागत नसे. दिव्यात ते कसे दिसेल याचा हिशोब ठेवावा लागे. पडद्यावरचा रंग हा चित्राचा आणि दिव्याचा मिळून असतो, ही पहिली गोष्ट इथेच ध्यानात घ्या.

पुढे दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, हे तुम्ही जाणताच. पण फाळके चित्रपटात येण्यापूर्वी रंगीत छपाईचे जाणकार होते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. तीन मूळ रंगांचे तीन ठसे एकावर एक उमटवले की सगळे रंग मिळतात, हे त्यांना हातचे होते. तरीही त्यांचा चित्रपट कृष्णधवल! कागदावर जे साधत होते ते सेकंदाला सोळा-अठरा चित्रे धावणाऱ्या फितीवर साधेना. मूकपटांच्या जमान्यात जगभर एक युक्ती चाले: रात्रीचा प्रसंग असला की फीत निळ्या रंगात बुचकळायची, आगीचा असला की तांबड्यात. तो रंग खरा नव्हे, निव्वळ मुलामा.

कोल्हापूरला बाबुराव पेंटर हे नावाप्रमाणे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते चित्रपटाकडे वळले आणि १९१८ च्या सुमारास त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला. त्यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’ या मूकपटाने लोकमान्य टिळक प्रसन्न झाले आणि त्यांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्या वेळच्या फितीला तांबडा रंग दिसतच नसे. कपाळावरचे कुंकू काळे येई, निळे आभाळ पांढरेफटक येई. सगळे रंग पाहणारी फीत सर्रास वापरात आली ती १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे आपण ज्याला कृष्णधवल म्हणतो त्यातही रंगाचा घोटाळा होताच. तो काळ्या-पांढऱ्यात लपलेला होता, इतकेच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. साल १९३३, आणि पुन्हा ‘सैरंध्री’च. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे चौघे बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. भांडवलाची बाजू सांभाळायला सीताराम कुलकर्णी. दामले-फत्तेलाल तर हातात कुंचला घेऊन वाढलेले. अशा मंडळींनी रंगाचा ध्यास घ्यावा यात नवल ते काय! कीचकवधाची कथा, शांताराम दिग्दर्शक, आणि चित्रपट संपूर्ण रंगीत करायचा. भारतात तोवर असे कुणी केले नव्हते. चित्रीकरण इथे झाले; फिल्म धुण्याची आणि छापण्याची सोय इथे नव्हती, म्हणून शांताराम ती घेऊन जर्मनीला गेले. तिथल्या आग्फा कंपनीची पद्धत वापरली होती.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कॅमेऱ्यात दोन फिती तोंडाला तोंड लावून एकदम धावत. पुढची निळे-हिरवे टिपी, मागची तांबडे टिपी. मग एकाच प्रतीच्या दोन्ही अंगांना छपाई करीत: एका अंगाला तांबूस नारिंगी, दुसऱ्या अंगाला निळसर हिरवा. दोन्ही एकावर एक दिसले की रंगीत चित्र. हिशोब सरळ होता, पण त्यात एक रंग कमी होता. फाळक्यांच्या छापखान्यात तीन ठसे होते, इथे दोनच.

शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. मुलांना फक्त नारिंगी आणि निळसर हिरवा असे दोन रंग द्या आणि म्हणा, माणूस काढा. माणसाची कातडी बरी येईल, विटेची भिंत येईल. मग म्हणा, हळद काढा, झेंडू काढा, पैठणीचा जांभळा काठ काढा. मुले तुमच्या तोंडाकडे पाहत राहतील. आपल्या पौराणिक चित्रपटात काय असते? पीतांबर, जांभळे शेले, सोन्याचे दागिने, हिरवा चुडा. जे रंग त्या फितीला नीट जमत नव्हते नेमके तेच! शिवाय दोन अंगांना दोन चित्रे असली की पडद्यावर दोन्ही एकदम स्वच्छ दिसत नाहीत. भिंगाने एकाला नेम धरला की दुसरे किंचित पुसट होते. अशा प्रतींचा हा उपजत दोष. ऑपरेटर कितीही कुशल असो, तो काय करणार?

व्हायचे तेच झाले. ‘सैरंध्री’चे रंग पडद्यावर भडक, बटबटीत दिसले आणि चित्रपट चालला नाही. रंग पारखणाऱ्या माणसांची संस्था रंगातच हरली. पुष्कळदा हा प्रसंग ‘अपयश’ असा एक शब्द लिहून संपवतात. मला तसे वाटत नाही. तीन रंगांची टेक्निकलर पद्धत अमेरिकेत १९३२ साली एका लहानशा व्यंगपटात प्रथम दिसली, आणि त्या पद्धतीचा पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट यायला १९३५ उजाडले. म्हणजे १९३३ साली कोल्हापूरच्या मंडळींना बाजारात जे मिळत होते त्यात तिसरा रंग नव्हताच. त्यात आणखी एक अडचण, हा माझा तर्क समजा: कपडा रंगला कोल्हापुरात आणि फीत धुतली हजारो मैलांवर. आज संध्याकाळी चित्रण करावे, उद्या पडद्यावर पाहावे, परवा शेल्याचा रंग बदलावा ही सोय नाही. चूक कळेपर्यंत सेट मोडलेले. दोष शोधायचा तर एकेक गोष्ट बदलून पाहावी लागते, आणि तेवढीच संधी त्यांना मिळाली नाही.

पण जर्मनीची फेरी फुकट गेली नाही. प्रभात त्याच वर्षी पुण्यास आली, आणि १९३४ चा ‘अमृतमंथन’ पाहा: जर्मनीहून आणलेल्या दूरदर्शी भिंगाने टिपलेला राजगुरूचा तो पडदाभर डोळा, ती अंधार-उजेडाची मांडणी. आणायला गेले रंग आणि घेऊन आले सावल्या! त्याच पुण्यातल्या स्टुडिओत पुढे दामले-फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’ केला. विष्णुपंत पागनीस तुकाराम, गौरी जिजाई. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. रंगाचा एक कणही नसताना ती माती, ती घोंगडी, ते अभंग आपल्याला खरे वाटतात. देहूची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि ते पाणी आमच्या मांडवगणवरून पुढे जाते, म्हणून आम्हांला हा चित्रपट जरा जास्तच घरचा. हे पक्षपाताचे बोलणे झाले, चालायचेच.

रंगीत चित्रपटाचा मान मिळाला तो १९३७ च्या ‘किसान कन्या’ला. निर्माते अर्देशिर इराणी, जन्माने पुण्याचे. दिग्दर्शन मोती गिडवानी यांचे, लेखन सआदत हसन मंटो यांचे. ही फीत मुंबईतच धुतली, छापली, म्हणून हा देशात तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट. पद्धत मात्र सिनेकलर, तीही दोन रंगांचीच. तोही फारसा चालला नाही. १९५३ साली सोहराब मोदींनी ‘झांसी की रानी’ टेक्निकलरमध्ये काढला. छायाचित्रणासाठी हॉलिवूडहून अर्नेस्ट हॅलर यांना आणले. पैसा पाण्यासारखा गेला, परत आला नाही. आणि १९५५ साली शांतारामांचा ‘झनक झनक पायल बाजे’ आला, तोही टेक्निकलर. ‘सैरंध्री’नंतर बावीस वर्षांनी त्यांना तिसरा रंग सापडला आणि या वेळी लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. लोकांना तो भडक वाटला नाही का? पुष्कळांना वाटला. पण भडकपणा करायचा म्हणून करणे निराळे आणि नाइलाजाने होणे निराळे.

आता काकींच्या तांबड्या सिनेमांकडे येऊ. टेक्निकलरच्या प्रतीवर रंग जवळजवळ कापडावर ठसे मारावेत तसा चढवलेला असे, आणि तो रंग पक्का. पण ही पद्धत महाग आणि अवजड. १९५० साली कोडॅक कंपनीने ईस्टमनकलर ही फीत आणली. एकाच फितीवर तिन्ही रंगांचे थर. साधा कॅमेरा चाले, खर्च बेताचा. हळूहळू जगभर हीच चालू झाली. तिच्यात एक खोट होती, जी कळायला वर्षे गेली: तिच्यातले रंग कच्चे. आणि तिन्ही रंग सारख्या गतीने उडत नाहीत. डब्यात बंद ठेवलेल्या प्रतीत सर्वांत आधी निळसर हिरवा उडतो. तो गेला की उरतो तांबडा-गुलाबी. उष्णता आणि दमट हवा असली की हे आणखी लवकर होते. पत्र्याच्या डब्यातली रिळे, डबे ट्रकवर, ट्रक वैशाखाच्या उन्हात या जत्रेहून त्या जत्रेला: रंग उडवण्याचे यंत्रच बनवायचे म्हटले असते तर याहून चांगले जमले नसते. अधिक टिकाऊ रंगाची फीत १९८० च्या दशकाच्या आरंभी आली, पण तंबूत येणाऱ्या प्रती त्याआधीच्या.

गावच्या यात्रेत मी असा एक तमाशापट पाहिला. १९९० च्या आसपासची गोष्ट. मी आठ-दहा वर्षांचा असेन. तंबू, वाळूवर बसलेली माणसे, मागे जनरेटरची घरघर. पडद्यावर ऊस आला तो विटकरी. बैलगाडीवाला गुलाबी, त्याचे बैल गुलाबी, फेट्याचा रंग ओळखू येईना. मी शेजारी बसलेल्या आजीला विचारले, “जुन्या काळी ऊस तांबडा असायचा का?” तिने डोक्यात टपली मारली. पण काही पोरांना खरेच तसे वाटत असावे. दादांना तर अजूनही जुनी गोष्ट आठवली की डोळ्यांपुढे तांबूस चित्र येते, असे ते परवा म्हणाले. पाहा, एका कच्च्या रंगाने एका पिढीचा भूतकाळच रंगवून टाकला! हे काही विनोदाने घेण्यासारखे नाही. रिळावरचा उडालेला रंग परत येत नाही. आज संगणकावर जुन्या चित्रपटांचे रंग दुरुस्त करतात, चांगलेच करतात. पण फेटा कुसुंबी होता की केशरी, हे प्रतीने सांगायचे नाकारले तर दुरुस्त करणाऱ्याने विचारायचे कुणाला? पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. थंड कोठारात फीत ठेवली की रंग उडणे मंदावते. त्याच पुण्यात २००३ साली जुन्या ज्वालाग्राही फितींच्या कोठाराला आग लागून प्रभातच्या काळातल्या कित्येक फिती खाक झाल्या. रंग तर रंग, इथे चित्रच गेले.

त्या यात्रेत दुसऱ्या दिवशी दुपारी मी तंबूमागे गेलो होतो. ऑपरेटर ट्रकवरचे यंत्र पुसत होते. सगळी पोरे त्यांना मामा म्हणत. यंत्रात कोळशाच्या दोन कांड्या होत्या; त्यांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत पेटे आणि तिचा झोत आरशाने पुढे फेकला जाई. कांड्या जळत जात, तसे त्यांच्यामधले अंतर सारखे नीट करावे लागे. हयगय झाली की पडद्याच्या कडा निळसर नाही तर तपकिरी होत. मी विचारले, “मामा, काल सगळं तांबडं का दिसत होतं? दिवा बिघडलाय?” त्यांनी हसून सांगितले, ते माझ्या अजून लक्षात आहे. “पोरा, रोज मी रीळ लावायच्या आधी नुसता उजेड पडद्यावर टाकतो. उजेड पांढरा पडला की दिवा बरोबर, पडदाबी बरोबर. मग रीळ लावून तांबडं झालं तर दोष रिळाचा. त्याला मी काय आन् तू काय.”

हे बोल मला सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाइतके उपयोगी पडले आहेत. आमच्यासारख्यांची सवय अशी की चित्र बिघडले की चित्राकडेच पाहत बसायचे. मामा आधी चित्र काढून टाकीत.

आता ओसरीवर परत येऊ. पुतण्याला म्हटले, सिनेमा थांबव आणि मशीनचा स्वतःचा मेनू, ती अक्षरांची पाटी, भिंतीवर आण. ती पाटी यंत्र स्वतः तयार करते. बाहेरच्या तारेशी तिचा काही संबंध नसतो. पाटीतले पांढरे पांढरे आले आणि सिनेमा तेवढा बिघडलेला असला, तर दोष तारेत किंवा पाठवणाऱ्या यंत्रात. पाटीही बिघडली, तर तार निर्दोष. दोष प्रोजेक्टरमध्ये किंवा त्याच्या पुढे. पाटीतले पांढरे हिरवट आले. दादांची वायर निर्दोष सुटली.

तारेचा दोष नसतोच असे मात्र समजू नका. शाळाशाळांतून अजून जुनी निळ्या टोकाची, पंधरा टाचण्यांची तार असते. तिच्यात तांबडा, हिरवा, निळा यांच्या तीन वेगळ्या वाटा असतात. तांबड्याची टाचणी वाकली की सगळे चित्र निळसर हिरवे होते. हिरव्याची गेली की जांभळट. मी शिकवतो तिथे एकदा सबंध तास अजिंठ्याची लेणी अशी निळीहिरवी पाहण्यात गेला, आणि एका विद्यार्थिनीने टोक काढून पुन्हा घट्ट बसवल्यावर पद्मपाणी माणसात आला. नव्या एचडीएमआय तारेत सहसा असे होत नाही. तिथे रंग पाठवणारे यंत्र एका पद्धतीने पाठवते आणि घेणारे दुसऱ्या पद्धतीने वाचते, मग चेहरे हिरवे-गुलाबी होतात. सेटिंगमध्ये दोन्हीकडे एकच पद्धत ठेवली की झाले.

यंत्राच्या पोटात काय असते? पुष्कळशा प्रोजेक्टरांत पांढरा उजेड आरशांनी तीन रंगांत फोडतात, तिन्हींची तीन चित्रे लहान काचपट्ट्यांवर करतात आणि पुन्हा एकत्र करून भिंगातून सोडतात. म्हणजे ‘सैरंध्री’ला जो तिसरा सोबती मिळाला नाही तो या चार-पाच किलोच्या खोक्यात बसलेला असतो! घरी पाहायचे तर तीन बॅटऱ्या घ्या, तोंडांना तांबडा, हिरवा आणि निळा जिलेटिनचा कागद बांधा आणि तिन्ही झोत भिंतीवर एकाच जागी पाडा. जवळजवळ पांढरा उजेड मिळेल. निळी बॅटरी विझवा, पिवळा दिसेल. यंत्रातली एखादी काचपट्टी किंवा तिच्यापुढची पारदर्शक पापणी उष्णतेने करपली तर चित्रात पिवळा नाही तर निळा डाग धरतो. पण तो डाग असतो, सारखा रंग नव्हे. तो दिसला तर यंत्र कारागिराकडेच न्यावे. आमचे चित्र सगळीकडे सारखे हिरवे होते आणि यंत्र नवे होते.

मग मेनूत शोधले. चित्राच्या निरनिराळ्या तऱ्हा असतात. पुतण्याने सर्वांत झगझगीत तऱ्हा निवडली होती. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यात तांबडा कमी आणि हिरवा जास्त असतो. झगझगीत तऱ्हेत यंत्र तो हिरवा आवरीत नाही, कारण आवरला तर उजेड कमी होतो. दुकानात ते दिपवून टाकते, ओसरीवर माणसे हिरवी करते. सिनेमाची तऱ्हा लावली. हिरवेपण निम्मे उतरले. निम्मे राहिले.

पुतण्या पुन्हा म्हणाला, “बघा, मशीनच.” इतक्यात वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, भिंतीला दिवाळीत पिस्ता रंग दिलाय.”

रात्रीच्या अंधारात भिंतीचा रंग कुणाच्या ध्यानातच आला नव्हता! दिव्याच्या झोताला भिंत दिसते ती आपल्या रंगासकट. पिस्ता भिंत तांबडा उजेड थोडा गिळते आणि हिरवा परत पाठवते. शाळांमधून तर खाली हिरवा आणि वर पिवळसर असे दोन रंगच भिंतीला असतात. चित्र मध्ये पडले की नकाशातल्या समुद्राचे दोन रंग होतात आणि गुरुजी यंत्राला दोष देतात. पांढरा कापडी पडदा टांगा, नाही तर तेवढ्या चौकोनात पांढरा डिस्टेंपर मारा. यंत्राच्या दुरुस्तीहून स्वस्त पडेल. आणि शेवटची परीक्षा रंगीत चित्रावर करू नका. रंगीत चित्रात चेहरा थोडा हिरवट आला तरी डोळा चालवून घेतो. कृष्णधवल चित्र लावा. करड्यात हिरव्याचा, गुलाबीचा एक थेंबही लपत नाही. त्या रात्री रंगीत सिनेमा लावला असता तर कदाचित आम्ही तसाच पाहून झोपलो असतो.

वहिनींनी धुतलेली चादर आणून खिळ्यांना बांधली. मेनूची पाटी पांढरी आली. तुकोबा करडे झाले, घोंगडी काळी, म्हैस म्हशीसारखी. काकी पुढे सरकून बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “मग तंबूतला तो ऊस खरा हिरवाच असंल.” मी म्हटले, “हिरवाच होता, काकी.”

कार्तिकीला पुन्हा गेलो. वहिनींनी चादर जरा जास्तच निळीत बुचकळली होती, आणि तुकोबा या खेपेस निळसर दिसले. पुतण्याने कुणालाही न विचारता मेनू काढला, पांढरे पाहिले, निळा दोन अंशांनी उतरवला आणि सिनेमा सुरू केला.